कुलूप लागलं तरी

आमच्या शिरपूर जैनात कुलूप लागलं म्हणजे काम थांबलं, असं कुणी समजत नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला १९८१ साली कुलूप लागलं. कोर्टातलं प्रकरण चालूच. दार उघडलं ते २०२३ साली!

तरी आमच्या शाखेतला नवा पोरगा विचारतो, "भाऊ, मी लॉगआउट केलं, तरी आतलं काम चालतंच कसं?"

अरे, युनिक्समध्ये आपण उठलो की टर्मिनलवरच्या कामांना 'हँगअप'चा निरोप जातो. शब्द फोनच्या जमान्यातला. ज्यानं निरोप ऐकला, ते काम बहुधा तिथंच आटोपतं. 'नोहप' लावलेलं काम मात्र कानात बोळे घालून बसतं. मायबाप गेलेल्या कामाला सहसा एक नंबरची प्रोसेस दत्तक घेते. आणि 'डीमन' नावाच्या जातीला टर्मिनलच नसतं; निरोप द्यावा कुणाला?

व्याज त्याच जातीचं. आम्ही संध्याकाळी डबा उचलून घरी जातो, ते रात्रभर कर्जावर चढत राहतं. सोयाबीनचे पैसे घेऊन आलेला म्हातारा काउंटरवर पुटपुटतो, "साहेब, मागच्या खेपेले तं इतके नव्हते."

मी त्याला पुन्हा बेरीज करून दाखवतो. तो दुसऱ्या खिशात हात घालतो.