वाळलेला ओंडका

गावाकडच्या नव्या घराला दार हवे म्हणून वडिलांनी दुर्गला सागाचा एक ओंडका घेऊन ठेवला होता. बारा वर्षे तो बिऱ्हाडामागे पडून राहिला. घर झाले नाही, वडीलही गेले.

परवा तो आरागिरणीत नेला. टोकांना चिरा, वरून राखेसारखा रंग. "बाबूजी, लकड़ी सूखी है, अब ऐंठेगी नहीं," आरेवाला म्हणाला. ओल्या लाकडाच्या फळ्या मागाहून आक्रसतात, वाकतात. याचे आक्रसणे केव्हाच संपले होते. मात्र वाळला साग आऱ्याचे दात लवकर बोथट करतो. पहिली फळी सुटली आणि आतून सोनेरी रंग, तोच तेलकट वास!

वडिलांच्या अक्षरातले दाराचे माप खिशात होते. मी झोपाळ्याचे सांगितले. झोपाळा बदलीबरोबर नेता येतो.