टिसा नदीवरची संध्याकाळ आणि पहिले शील

पहिले शील आपण विहारात सामुदायिकरीत्या म्हणतो. पण ते रोजच्या जगण्यात नेमके कुठे लागू पडते, याचा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. हंगेरी देशात टिसा नदीवर एका संध्याकाळी तो विचार करण्याची पाळी आमच्यावर आली. तोच अनुभव वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

हंगेरीला आम्ही गेलो ते जयभीमच्या नात्याने. त्या देशाच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचे खेडे आहे. युरोपात ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या रोमा समाजाच्या मुलांसाठी डेर्डाक टिबोर आणि ऑर्शोश यानोश यांनी २००७ साली तिथे परमपूज्य बाबासाहेबांच्या नावाने शाळा काढली. रोमा वस्तीची कहाणी आम्हाला परकी वाटली नाही. त्याच भागातल्या ओझ्द शहरात २०१३ च्या ऑगस्टमध्ये, ऐन उकाड्यात, नगरपालिकेने बरेच सार्वजनिक नळ बंद केले. ज्यांच्या घरात नळ नव्हता त्या रोमा कुटुंबांनाच त्याचा फटका बसला. हे ऐकून १९२७ चे महाड कुणाला आठवणार नाही?

आमचे यजमान स्वतः रोमा समाजाचे, पेशाने शिक्षक. पाहुणचार म्हणून त्यांनी आम्हाला टिसेवर मासेमारीला नेले. परवाने काढले, एक वाकबगार नावाडी ठरवला आणि सूर्य कलता कलता आम्ही होडीत बसलो. सोबत आमची अकरावीतली मुलगी होती.

तिथल्या मोठ्या माशाला हार्चा म्हणतात. आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतला, पण आकाराने राक्षसी. दोन मीटरहून लांब आणि शंभर किलोहून जड हार्चा सापडल्याच्या नोंदी आहेत. अंगावर खवले नाहीत. तोंड रुंद, डोळे बारीक, वरच्या जबड्याला दोन लांब मिशा आणि खाली चार आखूड. दिवसा तो डोहाच्या तळाशी पडून राहतो आणि अंधार पडला की भक्ष्याला निघतो. त्याला दिसते कमी, पण ऐकू फार चांगले येते.

या ऐकण्यावरच तिथल्या कोळ्यांची जुनी विद्या उभी आहे. नावाड्याने एक वाकडे लाकडी हत्यार काढले. त्याचे नाव कुत्योगातो. त्याचे टोक पाण्यावर विशिष्ट कोनातून मारले की 'डुबुक्, डुबुक्' असा खोल आवाज होतो आणि तळाचा हार्चा वर येतो. तो का येतो, याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही. होडी प्रवाहाबरोबर सोडून दिलेली, गळाला गांडुळांचा झुपका, आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ सावकाश वर सरकत होती.

मुलीने तेवढ्यात विचारले, "आई, हा मासा आपण खाणार आहोत का? नसेल तर गळ कशाला टाकायचा?"

यजमानांनी तिचा प्रश्न नावाड्याला सांगितला. तो हसून म्हणाला, "भिऊ नकोस पोरी. बहुतेक पाहुणे फोटो काढतात आणि मासा परत सोडतात."

वरवर ऐकता ही दयाच वाटते. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना गरजेपोटी केलेली हत्या आणि हत्येची हौस यांत फरक केला आहे. त्या कसोटीवर फोटोसाठी जबड्यात गळ रुतवणे कुठे बसते? मासा जिवंत सुटला तरी वेदना झाली ती आपल्या करमणुकीसाठीच. आम्ही यजमानांना विचारले, "तुमच्या घरी हा लागेल का?" ते म्हणाले, "उद्या घरी चौदा माणसे जेवायला आहेत. पाप्रिका घालून कालवण करू." मग आम्ही म्हटले, ठीक आहे, एक मासा.

अंधार पडता पडता काठी वाकली. वीस मिनिटांच्या ओढाताणीनंतर जवळजवळ पाच फुटांचा हार्चा होडीला लागला. नावाड्याने एका घावात त्याचा जीव घेतला, तडफडू दिले नाही. मुलीने तोंड फिरवले. नंतर त्या ओल्या अंगावर हात ठेवून ती बराच वेळ गप्प बसली. आम्हीही तिला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

"आता तर खरी वेळ आहे, याहून मोठा येईल," नावाडी म्हणाला. आम्ही नको म्हटले. चौदा माणसांचे कालवण झाले होते. तो चकित झाला, कारण पैसे तर पूर्ण संध्याकाळचे दिले होते. उरलेल्या वेळात त्याने मुलीला गळाशिवाय कुत्योगातो मारायला शिकवले. पडद्यावर रेघ वर आली, थबकली आणि परत खाली गेली. तिचा तो आनंद आम्ही विसरणार नाही.

परतताना नावाड्याने आपले दुःख सांगितले. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातल्या बाया मारे येथे सोन्याच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी उपनद्यांतून टिसेत उतरले आणि एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. "त्या वेळी मी गळ टाकला नाही, मेलेले मासे उचलले," तो म्हणाला.

पहिले शील केवळ ताटापुरते नाही, हे आम्हाला तिथे उमगले. कोळी पोटासाठी एक मासा मारतो, आणि सोन्याची हाव सबंध नदी मारते. आपल्या शिव्या मात्र सहसा कोळ्याच्याच वाट्याला येतात. आपल्या गावच्या नद्यांत कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी सोडले जाते, तेव्हा आपण शीलाची आठवण काढतो का?

उपासक-उपासिकांनो, मुले असे प्रश्न विचारतील तेव्हा त्यांना गप्प करू नका. गरज कुठली आणि हौस कुठली, एवढे त्यांच्यासोबत बसून तपासा. पोपटपंचीने शील घडत नाही, अशा तपासण्यानेच घडते.

जयभीम.