कागदी वाघ आणि पत्राचा मायना

मारामारीच्या चित्रपटांचा आणि माझा संबंध फारसा कधी आलाच नाही. लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लरच्या दारावर ब्रूस लीचे चित्र असे आणि त्या दाराच्या आत मुलींनी जायचे नसे, एवढाच तो संबंध. त्यामुळे तायक्वांदोच्या वर्गाला जाणाऱ्या माझ्या मुलाने ‘आई, हा बघ, यात सगळे म्हातारे आहेत’ असे म्हणून लॅपटॉप समोर ठेवला, तेव्हा मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवरून खाली न ठेवताच पाहू लागले. अर्ध्या तासाने गठ्ठा खाली ठेवला. चित्रपट संपला तेव्हा मुलगा झोपला होता आणि मी मात्र जागी होते. पुढे लिहीत आहे ती या चित्रपटाची समीक्षा नव्हे. समीक्षेला लागणारे अंतर मला या प्रकरणात राखता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

चित्रपटाचे नाव ‘द पेपर टायगर्स’. बाओ ट्रान या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२० साली माँट्रियलच्या फँटेझिया महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. मोठ्या स्टुडिओचा पैसा त्यामागे नाही. प्रमुख भूमिकेत गोरा नट घेतल्यास पैसे मिळतील, अशी सूचना निर्मात्यांना झाली होती. ती त्यांनी मानली नाही आणि काही रक्कम लोकवर्गणीतून उभी केली. कथा सिअ‍ॅटल शहरात घडते. डॅनी, हिंग आणि जिम हे तिघे एकेकाळी एकाच गुरूचे शिष्य, आणि ‘तीन वाघ’ म्हणून त्यांचा दबदबा. चित्रपट सुरू होतो तोच त्यांच्या तरुणपणीच्या, व्हिडिओ कॅसेटवर टिपलेल्या धूसर दृश्यांनी. ही पोरे कोणाशीही भिडतात आणि जिंकून हसत सुटतात. मग पडद्यावर वर्तमानकाळ येतो. डॅनी आता घटस्फोटित बाप आहे आणि मुलाला दिलेली वेळ त्याला पाळता येत नाही. हिंग एका पायाने अधू झाला आहे. जिम व्यायामशाळेत घाम गाळतो, पण गुरूने शिकवलेले त्याच्या अंगात उरलेले नाही. अशात बातमी येते की गुरू गेले. हृदयविकाराने गेले असे कागदावर लिहिले आहे, पण हिंगला घाताचा संशय आहे. तिघे पुन्हा एकत्र येतात आणि शोध घेऊ लागतात. शेवट सांगत नाही.

हा विनोदी चित्रपट आहे आणि त्यातला विनोद शरीराचा आहे. मनाला सगळे डाव आठवतात, गुडघ्याला आठवत नाहीत. कोरड्या पडलेल्या जलतरण तलावात हे तिघे तीन तरण्या पोरांशी झुंजतात, तो प्रसंग पाहताना हसू येते आणि त्याच वेळी आपली कंबर आपसूक चाचपली जाते. पण दिग्दर्शक त्यांची टिंगल करीत नाही. वय झाले हा त्यांचा दोष नाही. त्यांनी सोडून दिले, हा दोष आहे. या दोन गोष्टींतला फरक चित्रपट फार शांतपणे दाखवतो.

‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. दीर्घकाळ कष्ट करून हाताला आलेले कसब, असा काहीसा त्याचा अर्थ आहे. ते आचाऱ्याच्या हाताला असू शकते, सुलेखन करणाऱ्याच्या हाताला असू शकते. त्या अर्थाने पाहिले तर वेळ हाच या कलेचा कच्चा माल होय, आणि ज्याने वेळ दिला नाही त्याच्यापाशी केवळ आठवण उरते. गुरूसाठी तिथे ‘सिफू’ हा शब्द आहे. त्याच्या लेखनात ‘बाप’ या अर्थाचे अक्षर येते. शिष्याने गुडघे टेकून चहाचा पेला पुढे करावा आणि गुरूने तो घ्यावा, की नाते जडले. आपल्याकडच्या गंडाबंधनाची आठवण व्हावी असा हा विधी. बापाशी जसे भांडता येते तसे अशा गुरूशी भांडता येते. त्याला सोडून मात्र जाता येत नाही. गेले तरी गेल्यासारखे होत नाही.

‘कागदी वाघ’ या शब्दाची गोष्टही मोठी मौजेची आहे. चिनी भाषेतला हा जुना वाक्प्रचार जगभर झाला तो माओमुळे. १९४६ साली येनानमध्ये अ‍ॅना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकार बाईंना दिलेल्या मुलाखतीत त्याने अणुबाँबला कागदी वाघ म्हटले. या स्ट्राँगबाई एकेकाळी सिअ‍ॅटलमध्येच राहत होत्या. तिथल्या शाळा मंडळावर त्या निवडून आल्या होत्या आणि १९१९च्या तिथल्या सार्वत्रिक संपाच्या वेळी तिथल्याच कामगारांच्या वृत्तपत्रात लिहीत होत्या. म्हणजे शब्द चीनमधून निघून सिअ‍ॅटलच्या एका बाईच्या वहीत उतरला आणि पाऊणशे वर्षांनी त्याच शहरातल्या तीन पोक्त माणसांच्या पाठीवर येऊन चिकटला. त्याच शहरात ब्रूस लीने आपली पहिली शाळा काढली होती, आणि लेक व्ह्यू दफनभूमीत तो पुरलेला आहे. २० जुलै १९७३ रोजी तो गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्याचे गुडघे कधी दुखले नाहीत; भित्तिचित्रावर तो कायम तरुणच राहिला. चित्रपट मात्र मागे उरलेल्यांचा आहे, ज्यांना पंचेचाळिसावे वर्ष लागते त्यांचा.

आता माझ्याविषयी. एम. ए.च्या वर्षांत आम्ही तिघे दर रविवारी सकाळी आमच्या सरांच्या ओसरीवर मोडी शिकायला जात असू. सर निवृत्तीला आले होते. मोडीत लिहिताना आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लावीत जायचे. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही आणि शब्द कुठे तुटतो ते लिहिणारा दाखवीत नाही, वाचणाऱ्याने ओळखायचे. पहिले दोन महिने सरांनी आम्हांला नुसत्या रेघा ओढायला लावल्या. आम्हांला कंटाळा येई. पण दोन वर्षांत आमचा हात आणि डोळा असा बसला की विद्यापीठाच्या चर्चासत्रांत आम्ही मुद्दाम मोडी कागद काढून भरभर वाचून दाखवत असू. वाघच होतो आम्ही.

आमच्याबरोबर आणखी एकजण येत. वयाने आमच्याहून मोठे. भूमी अभिलेख कार्यालयात कारकून. त्यांचे उच्चार ग्रामीण होते. ‘साहित्य’ हा शब्द ते जसा उच्चारीत त्याची आम्ही सरांच्या पाठीमागे नक्कल करीत असू. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे.

सरांची इच्छा होती की मी एका घराण्याच्या पत्रांच्या रुमालावर पीएच. डी. करावी. पाच-सहा वर्षांचे काम होते. मला नोकरी हवी होती आणि घरी लग्नाचे चालले होते. मी गुपचूप मार्गदर्शक बदलले, एका कादंबरीकाराचा ‘चिकित्सक अभ्यास’ असा सुटसुटीत विषय घेतला आणि अडीच वर्षांत मोकळी झाले. सरांना ते माझ्याकडून कळले नाही. सूचनाफलकावरून कळले. त्यानंतर एकदा ग्रंथालयाच्या जिन्यात भेट झाली. मी काहीतरी बोलू लागले. ते म्हणाले, ‘असो.’ तेवढेच. पुढे सोळा वर्षे मी त्यांच्याकडे गेले नाही. अंतर एसटीने पाऊण तासाचे होते. चित्रपटात डॅनीची आणि त्याच्या गुरूची फारकत होते ती जपानच्या एका स्पर्धेपायी. सिफूच्या पाठीमागे ठरलेला तो बेत पाहताना मला आमचा सूचनाफलक दिसत होता.

सर गेल्याचे मला भ्रमणध्वनीवरच्या एका गटातून कळले. आम्ही तिघे, एक बँकेत, एक प्रकाशनव्यवसायात आणि मी, तेराव्याला गेलो. जेवणे झाल्यावर सरांच्या सूनबाईंनी लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल आणून आमच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, ‘शेवटी शेवटी बाबा हाच घेऊन बसत. तुम्हांला येतं ना वाचायला?’

वरचे पत्र मी उचलले. ‘राजमान्य राजश्री’ म्हणून सुरुवात केली. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे’. सूनबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक दिसू लागले. मग ‘विशेष’ आले आणि मी थांबले. मायना संपला होता आणि मजकूर सुरू झाला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आतापर्यंत मी वाचत नव्हतेच. पाठ असलेले म्हणत होते. बँकेतल्या मित्राने चश्मा वर-खाली करून पाहिला. प्रकाशकाने भ्रमणध्वनीचा दिवा लावला. अक्षरे ओळखीची दिसत होती, पण कोणी ओळख देत नव्हते.

दाराशी चपला काढून ते कारकून आत आले. आता निवृत्त झालेले, केस पिकलेले. त्यांनी पत्र हाती घेतले आणि वाचले. बियाण्याचे भात वेळेवर पोचले नाही, एक बैल दगावला, तरी या वर्षाचे व्याज सोडावे, असा मजकूर. कुठे अडले नाहीत. एका जागी थांबून म्हणाले, ‘हितं सर “सोडावे” म्हणायचे, मी “सांडावे” म्हणायचो. सरांचंच बरोबर वाटतंय आता.’ मागाहून कळले, ते शेवटपर्यंत दर रविवारी सरांकडे येत होते.

‘पेपर टायगर्स’मध्ये कार्टर नावाचा एक गोरा आहे. मॅथ्यू पेजने ही भूमिका केली आहे. तरुणपणी वाघांकडून मार खाल्लेला, त्यांच्या थट्टेचा विषय झालेला हा माणूस. तो चिनी सफाईने बोलतो, म्हणी उद्धृत करतो आणि आपण त्याला हसतो. परक्याने आपल्या परंपरेचा असा टेंभा मिरवावा, याचे हसू येणारच. पण त्याने कला सोडली नाही. ज्यांचा तिच्यावर जन्मसिद्ध हक्क होता ते पांगले आणि हा सराव करीत राहिला. हा टोला फार मार्मिक आहे. परंपरा कोणाची, या प्रश्नावर आपण परिसंवाद भरवतो. चित्रपट एवढेच विचारतो की रविवारी कोण येत होते?

याच विषयावरचा ‘गॅलंट्स’ हा हाँगकाँगचा चित्रपट मी नंतर शोधून पाहिला. डेरेक क्वोक आणि क्लेमंट चेंग यांचा हा चित्रपट २०१०चा. पुढल्या वर्षी हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात मूर्च्छेत पडलेले गुरू तीस वर्षांनी जागे होतात. त्यांच्या उशाशी इतकी वर्षे राहिलेले दोन शिष्य आता म्हातारे झाले आहेत. गुरू त्यांना ओळखत नाहीत आणि एका ऐऱ्यागैऱ्या तरुणालाच आपला शिष्य समजून बसतात. सत्तरच्या दशकातले मारामारीपटांचे नायक ब्रूस लिआँग आणि चेन क्वान-ताय यांनी त्या शिष्यांची कामे केली आहेत. तिथे शिष्य राहिले आणि गुरू विसरले. सिअ‍ॅटलच्या कथेत शिष्यच विसरले. पहिल्या दुःखात एक भाग्य आहे, जे दुसऱ्यात नाही.

वर्गात मी गुरुशिष्यपरंपरेवर चांगले बोलते. मुले लिहून घेतात. महानुभावांपासून वारकऱ्यांपर्यंत उदाहरणे तोंडपाठ आहेत. त्या तेराव्यानंतर मात्र बोलता बोलता मध्येच शंका येते की हाही मायनाच तर नव्हे? आमच्या व्यवसायात मायन्यावर निभावून नेता येते, पदोन्नतीही मिळते. ‘विशेष’ कोणी विचारीत नाही, हीच त्यातली सोय आणि हाच धोका.

गेल्या पावसाळ्यापासून एकाआड एक रविवारी मी त्या निवृत्त कारकुनांच्या घरी जाते. त्यांना मी ‘अण्णा’ म्हणते, ते मला अजून ‘मॅडम’ म्हणतात. जुन्या नकलेविषयी मी अद्याप काही बोलू शकलेले नाही. बहुधा त्यांना ठाऊक असावे. पहिल्या दिवशी मी रुमाल सोडायला गेले, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि एक कोरा कागद पुढे केला. म्हणाले, ‘आधी रेघा ओढा.’

माझी पहिली रेघ वाकडी आली. दुसरीही. ते काही बोलले नाहीत. चहा ठेवायला आत गेले. मला एकाएकी वाटले, चहा मी करायला हवा. मी उठून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.