डिकीतली ठेव

माणसाची परीक्षा त्याच्या दिवाणखान्यात होत नाही, ती त्याच्या माळ्यावर होते, असे माझे वडील नेहमी म्हणत. दिवाणखाना येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आवरलेला असतो. माळा मात्र कोणासाठीच आवरलेला नसतो. वडिलांच्या हयातीत आमच्या घरी मोटार नव्हती. असती, तर माळ्याच्या जोडीला त्यांनी मोटारीच्या डिकीचेही नाव घेतले असते, याविषयी मला मुळीच शंका नाही.

माझ्या डिकीत काय नव्हते? पावसाळा संपून महिना लोटला तरी तिथे दोन छत्र्या होत्या, आणि त्यांतली एक मोडकी. वकिलीचा काळा कोट होता, देवळात जाताना नेसायचे सोवळे होते, जुन्या दाव्यांची बासने होती, वहाणांचा एक अनाथ जोड होता. कोर्ट आणि देऊळ ही माझ्या आयुष्यातील दोन ठिकाणे. दोहोंचे सामान त्या एका पोकळीत बिनतक्रार नांदत होते. निदान मला तसे वाटत होते.

गेल्या कार्तिकातील गोष्ट. त्रिपुरारी पौर्णिमेचा आदला दिवस. देवळाच्या दीपोत्सवासाठी पाच लिटर तिळेल पोचवण्याचे काम महाजन या नात्याने माझ्याकडे आले होते. फोंड्याच्या बाजारातून मी तेलाचा डबा घेतला, पाच नारळ घेतले आणि सगळे डिकीत टाकले. ‘ठेवले’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण शपथेवर सांगायचे तर ‘टाकले’ हाच शब्द खरा. त्याच सकाळी एका वृद्ध पक्षकार बाईंनी एक मूळ खत माझ्या स्वाधीन केले होते. त्यांच्या सासरच्या कुटुंबातील वाटणीचे, 1972 सालचे. त्यावर तिन्ही भावांच्या सह्या होत्या. त्यांपैकी मधली सही बाईंच्या यजमानांची. यजमान आता हयात नाहीत. ते खत कापडी पिशवीत घालून मी त्याच डिकीत ठेवले होते.

उताराच्या वळणावर एक गाय आडवी आली आणि मी जोराने ब्रेक दाबला. मोटार थांबली, नारळ थांबला नाही. गतीत असलेली वस्तू कोणी अडवीपर्यंत आपल्याच गतीने पुढे जाते, हा न्यूटनचा नियम शाळेत मी पाठ केला होता. त्या दिवशी तो नारळाने मला समजावून दिला. त्याने डबा उलथवला, डब्याचे झाकण सैल होते, आणि देवळाच्या पायरीशी मी डिकी उघडली तेव्हा देवाच्या ज्योतीत जळायचे तेल एका विधवेच्या कागदात मुरत होते.

कागद फाटला नव्हता, मजकूरही वाचता येत होता. टिपकागद दाबून आणि पावडर शिंपडून मी होते तेवढे तेल उतरवले. परंतु तेल प्यायलेला कागद पारदर्शक होतो. शिक्क्याची जांभळी शाई किंचित फुटली होती, आणि टाकाने केलेल्या तीन सह्या आता मागच्या बाजूनेही दिसू लागल्या होत्या.

कायद्याच्या दृष्टीने फारसे बिघडले नव्हते. खत नोंदलेले होते. नोंदणीच्या 1908 सालच्या कायद्याप्रमाणे त्याची प्रमाणित नक्कल मिळते आणि मूळ खतातील मजकूर शाबीत करायला ती चालते. मी लगोलग नकलेसाठी अर्ज केला. बाईंना मात्र काही कळवले नाही. आधी नक्कल हाती येऊ दे, मग सांगू, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर लागणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. घोर कोणाच्या जिवाला लागला होता, हे माझे मला ठाऊक होते.

ज्या धंद्यात दुसऱ्याच्या चुकांना कलमे लावायची, त्या धंद्यातल्या माणसाला स्वतःच्या चुकीचे कलम चटकन आठवते, हा एक शापच आहे. 1872 च्या कराराच्या कायद्यात कलम 148 पासून निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीचे प्रकरण सुरू होते. कलम 151 म्हणते की, सामान्य शहाणा मनुष्य तशा परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, प्रतीच्या आणि मोलाच्या आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ठेव घेणाऱ्याने घेतली पाहिजे. ‘मी माझ्या वस्तूही अशाच टाकतो’ हा बचाव तिथे चालत नाही. कायदा माझ्या सवयी विचारीत नाही. तो शहाण्या माणसाच्या सवयी विचारतो.

आणि हे काही साहेबाने आपल्याला शिकवलेले नाही. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणानंतर दुसरेच पद निक्षेपाचे आहे. याज्ञवल्क्याने तर आत काय आहे हे न सांगता पेटीत घालून सोपवलेल्या ठेवीला उपनिधी असे वेगळे नाव दिले. राजाने नेली, दैवाने नेली किंवा चोराने नेली, तर ती भरून देण्याची जबाबदारी नाही, असेही त्याने म्हटले आहे. या तीन अपवादांवर मी एका रात्री पुष्कळ विचार केला. माझा नारळ त्यांपैकी एकातही बसेना. गायीला दैव म्हणता आले असते. पण डब्याचे सैल झाकण हे काही दैव नव्हते.

तेव्हा मी एक निश्चय केला, आणि तो माझ्या स्वभावाला धरूनच होता. जे करायला हवे होते ते बाजूला ठेवून, जे करता येण्यासारखे होते त्याला मी हात घातला. डिकीत सामानासाठी एक पक्की लाकडी पेटी स्वतःच्या हाताने बनवायची, असे मी ठरवले.

पहिला रविवार डिकी रिकामी करण्यात आणि मापे घेण्यात गेला. चाकांवरच्या दोन फुगवट्यांच्या मधली रुंदी 98 सेंटिमीटर भरली, खोली 70. त्या हिशेबाने 94 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 24 उंच अशी पेटी मी कागदावर आखली. आमच्याकडच्या दमट हवेत साधे प्लायवूड दोन पावसाळ्यांत पदर सोडते. म्हणून पाण्याला टिकणारे, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात ते, 12 मिलिमीटर जाडीचे आणले.

कायद्याची बाजूही तपासून घेतली. तेवढे केल्याशिवाय मला खिळा ठोकवत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. परंतु हवी तेव्हा उचलून बाहेर काढता येणारी पेटी म्हणजे मोटारीतील बदल नव्हे, ते सामानच होय, असे माझे मत झाले. म्हणून तळाच्या पत्र्याला एकही भोक पाडायचे नाही असे ठरवले. त्याला आणखीही एक कारण होते: भोक पडलेल्या पत्र्याला आमच्या खाऱ्या वाऱ्यात गंज चढायला वेळ लागत नाही, आणि पत्र्याखाली इंधनाची नळी कुठून गेली आहे, ते आपल्याला वरून दिसत नाही.

दुसऱ्या रविवारी करवत, गुण्या, काचकागद आणि स्क्रू यांच्या संगतीत पेटी उभी राहिली. कोपरे काटकोनात आले, बिजागऱ्यांवर झाकण बसले, आतून जाड नमदा चिकटवला. वजन पंधरा किलोच्या आसपास भरले. मी ती कौतुकाने उचलून डिकीपाशी नेली, आणि ती आत जाईना.

डिकी आतून 98 सेंटिमीटर रुंद होती. पण तिचे तोंड 86 होते. मी पोट मोजले होते, तोंड मोजलेच नव्हते. पेटी आडवी करून पाहिली, उभी घालून पाहिली. निमुळत्या बाजूने ती आत शिरली, तर आत वळेना. शेजारचा सुतारमेस्त कुंपणापाशी उभा राहून हा खटला बराच वेळ मूकपणे ऐकत होता. अखेर तो म्हणाला, “वकीलबाब, पेटी तुमची बरी झाली आहे. पण घर बांधायच्या आधी दार पाहावे.”

तिसऱ्या रविवारी त्याच्याच देखरेखीखाली मी पेटीचे मधोमध दोन तुकडे केले आणि उघड्या पडलेल्या बाजूंना नवीन फळ्या ठोकल्या. एकीच्या दोन पेट्या झाल्या; प्रत्येकीत सुमारे 55 लिटर जागा. दोन्ही तोंडातून सहज आत गेल्या आणि शेजारी शेजारी बसल्या. पंक्चर झाले तर एकेक उचलून खालची स्टेपनी काढता येते. एक अखंड पेटी भरल्यावर मला हललीही नसती. मेस्ताने त्या मागच्या आसनाच्या पाठीशी टेकवून, मूळच्याच कड्यांना पट्ट्याने आवळून दिल्या. जड सामान खाली असावे आणि पुढे टेकलेले असावे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर त्याला उडी घ्यायला जागाच उरत नाही, हे त्याने न्यूटनचे नाव न घेता सांगितले.

डावी पेटी देवाची आणि घरची, उजवी कोर्टाची. डावीत डबे उभे राहावेत म्हणून आडव्या पट्ट्यांचे खण केले. चुकलेल्या मापाने मला सुचवले ते आधीच सुचायला हवे होते: जागा वाढवण्यापेक्षा वेगळी करण्याची गरज होती. तेल वाईट नसते आणि कागदही वाईट नसतो; दोघांना एका पिशवीत कोंबणारा वाईट असतो.

पेट्यांवर पट्टा आवळताना अंत्रुजातल्या आपल्या दैवतांची मला आठवण झाली. ही दैवते मूळची इथली नव्हेत. मंगेश कुशस्थळीहून 1560 साली प्रियोळला आला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. पोर्तुगिजांच्या अमलात देवळे पडू लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी घरेदारे मागे टाकली, पण सोपवलेली ठेव नदीपार नेऊन पोचवली. त्यांच्यापाशी पट्टा नव्हता, पेटी असेल-नसेल. नजर मात्र होती. मला फोंड्याहून देवळापर्यंतच्या थोड्याशा रस्त्यात एक कागद कोरडा नेता आला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. त्या घटनेला एकोणीस दिवस झाले होते. नक्कल हाती आली होती. ती आधी पुढे करावी, असे वाटेत मनात घोळवले होते. पण ओट्यावर बसल्यावर मी मूळ खतच त्यांच्या हाती दिले आणि घडले ते सांगितले. नारळ सांगितला, तेल सांगितले, झाकण सांगितले. गायीचा उल्लेख केला नाही.

बाईंनी कागद दिव्याकडे धरला. उजेड त्यातून आरपार आला. मधल्या सहीवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाल्या, “सय दिसता न्हय? पुरो.”

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच त्यांनी कागदाची घडी घालीत शांतपणे पुढे म्हटले, “पूण त्याच दिसा सांगूंक जाय आसलें.”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. पेटी, नक्कल, कलम 151, याज्ञवल्क्याचे अपवाद, सगळे माझ्यापाशी तयार होते. त्या एका वाक्यापुढे मांडण्यासारखे त्यांत काहीच नव्हते. कागद बिघडला तो क्षणात, आणि तो अपघात होता. एकोणीस दिवस मात्र मी रोज नव्याने गप्प राहिलो होतो. त्याला अपघात म्हणता येत नाही. ठेव म्हणून त्यांनी माझ्याकडे कागद दिला होता असे मी समजत होतो. त्यांनी विश्वास दिला होता. कागद केवळ त्याचे वेष्टन होते.

निघताना त्यांनी देवाला वाहण्यासाठी एक नारळ माझ्या हाती दिला. इतके झाल्यावरही दिला. मी तो डाव्या पेटीच्या खणात नीट बसवला, झाकण लावले, कडी घातली आणि ती ओढून पाहिली. परतीच्या वाटेवर तेच वळण आले. मी कान देऊन ऐकले. डिकीतून कसलाच आवाज आला नाही.

तेव्हापासून उजव्या पेटीत पक्षकाराचा कोणताही कागद मी रात्रभर राहू देत नाही. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगावे, असा नियमही केला आहे. पहिला नियम पाळणे सोपे जाते. त्याला पेटी मदत करते. दुसऱ्या नियमाला मदत करील अशी पेटी बनवण्याची विद्या मेस्तापाशी नाही, आणि माझ्यापाशीही नाही. तो दररोज हातानेच पाळावा लागतो.