पहूरहून अजिंठ्याला



आमची मुलगी दहावी पास झाली. त्या आनंदात आम्ही सर्वजण आजीला घेऊन अजिंठा लेणी पाहून आलो. आमचे पहूर जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. लेण्यांच्या गाड्या रोज दारावरून जातात. पण मजुरी बुडेल म्हणून आजीचे जाणे राहिलेच होते.

एस.टी.ने फर्दापूर फाट्यावर उतरून पुढच्या बसने लेण्यांपाशी पोहोचलो. वाघूर नदीच्या वळणावर डोंगरात 30 लेणी कोरलेली आहेत. 10 क्रमांकाच्या चैत्याच्या कमानीवर दात्याचे नाव ब्राह्मी लिपीत आहे. मुलीने ते दाखविले, तेव्हा अंगठा करणारी आजी अक्षरांकडे पाहतच राहिली.

26 क्रमांकाच्या लेण्यात सुमारे 7 मीटर लांबीची बुद्धमूर्ती आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आजीच्या माहेरी बुद्धांची तसबीर आली, ती बसलेली. "इथे भगवान निजले का गं?" आजीने विचारले. नातीने महापरिनिर्वाण समजावून सांगितले. आजीने हात जोडून त्रिशरण-पंचशील सुरू केले, आम्ही मागून म्हटले.

जाणाऱ्या कुटुंबांनी घरातील म्हाताऱ्यांना आवर्जून सोबत न्यावे. सोमवारी लेणी बंद असतात.