फोटो कुणाच्या मालकीचा?

‘एस्कॉर्टला कशाला हवा महागडा फोटोग्राफर?’ असं चळवळीतलेच मित्र मला हसत विचारतात. मला हा प्रश्न श्रमाचा आणि मालकीचा वाटतो. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. तिथे २००३ च्या कायद्याने देहविक्रय गुन्हा राहिला नाही. एजन्सीने पैसे देऊन काढलेला फोटो एजन्सीचा. बाई काम सोडून गेली तरी तो जाहिरातीत राहू शकतो. पण तिने स्वतः पैसे मोजून काढून घेतला, तर १९९४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क तिचा. अट एकच, करारात वेगळं काही लिहिलेलं नसावं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खर्च करावा, पण करार वाचूनच. स्वतंत्रपणे राबणाऱ्या बाईची जाहिरात तरी दुसऱ्याच्या मालकीची का असावी?