गाडीचे कागद आणि गाडीचं अंग

आमच्या मच्छीमार नगरात कुणाला जुनी बोट घ्यायची असली की चार जाणती माणसं ओहोटी बघून किनाऱ्यावर जातात. तळ बघतात. पठाण, म्हणजे बोटीचा कणा, ठोकून आवाज ऐकतात. कुठली फळी नवी, कुठली जुनी, कुठे नुसताच रंग मारलाय, हे पाच मिनिटांत कळतं. ही बोट कधी खडकावर बसली होती, कुणी कर्जापायी काढली, हे विचारायला ससून डॉकवरची चहाची टपरी पुरते. बोटी मोजक्या, नाखवे मोजके, कुणाचं काही लपत नाही.

कागदांचं म्हणाल तर तिथेही आता ढिलाई नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी रबरी होडीतून उतरले ते इथेच, आमच्या दारात. त्याआधी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट त्यांनी समुद्रात पळवली होती. तेव्हापासून बोट कुणाची, नोंदणी कुठली, आत खलाशी कोण, त्यांची ओळखपत्रं कुठायत, हे विचारणारे खूप वाढले. कधी कधी जाच होतो, पण का विचारतात ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

आणि चार चाकांची गाडी? तिचं सगळं उलटं आहे. कागद भरपूर, आणि गाडीबद्दल माहिती मात्र जवळपास शून्य.

विषय निघाला तो भाच्यामुळे. त्याला सेकंडहँड सीएनजी गाडी घ्यायचीय. आई पहाटे डॉकवर माल घ्यायला जाते, टॅक्सीवाले पाटी बघून थांबत नाहीत, वासाची कटकट करतात. स्वतःची गाडी असली की आईची सोय, आणि उरलेल्या वेळात घरच्यांनाही फिरता येईल असा त्याचा हिशोब. पैसे ताईचे. मासे विकून साठवलेले आणि थोडे पतपेढीचे. एका दलालाकडे सात वर्षांची गाडी दिसली, ३ लाख ६० हजार. पोराने दहा हजार टोकन देऊन टाकलं आणि मग मला फोन केला. "मामा, गारी एकदम झकास हाय. कागद सगले क्लिअर. एमएच ०१ हाय, सिंगल ओनर."

या 'एमएच ०१' ची एक गंमत सांगतो. ताडदेव आरटीओची गाडी म्हटली की उपनगरातला माणूस दहा हजार जास्त द्यायला तयार होतो. कारण तो २६ जुलै २००५ विसरलेला नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! उपनगरांत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या, आमच्याकडे रस्ते ओले झाले. बुडालेल्या गाड्या पुढे कुठे कुठे विकल्या गेल्या देव जाणे, पण 'साऊथ बॉम्बेची गाडी' हा शिक्का तेव्हापासून दलालांना सोन्याचा झाला. आता एमएच ०१ चा अर्थ एवढाच की नोंदणी ताडदेवला झाली. गाडी बांद्र्याच्या पुरात उभी होती की कफ परेडच्या गॅरेजमध्ये, हे त्या दोन आकड्यांत लिहिलेलं नसतं. आणि आमच्या बाजूची गाडी म्हणजे सुकी गाडी हेही खरं नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा कसा खातो ते इथल्या कुणालाही विचारा.

तर आम्ही कागदांपासून सुरुवात केली. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला. मालकाच्या नावात फुल्या, पण नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी दिसलं. बँकेचा बोजा उतरलेला होता. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जायचं नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. ई-चलान राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साईटवर बघता येतं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. चार चलानं निघाली, साडेपाच हजारांची. चोरीची आहे का, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर फुकट तपासता येतं, तिथून तशी एनओसी छापून मिळते. हे फार कमी लोक करतात. चासी नंबर आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, दोन्ही स्वतः डोळ्यांनी जुळवले. जुळले.

इथपर्यंत पोरगा खुश. मी म्हटलं, आता विम्याची जुनी पॉलिसी माग.

कुणाला माहीत नसेल तर सांगतो, नो क्लेम बोनस ही फार बोलकी गोष्ट आहे. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम केला की शून्यावर. या गाडीच्या आदल्या पॉलिसीत ५० टक्के होता आणि चालू पॉलिसीत शून्य. म्हणजे मध्ये क्लेम झालाय. दलाल म्हणाला, "अरे छोटा स्क्रॅच होता, बंपर घासला." आता बंपर घासल्यावर ५० टक्क्यांची सूट कोण घालवतो? पदरचे चार हजार टाकतो आणि गप्प बसतो.

मग आमचा एक ओळखीचा डेंटर घेऊन गेलो. त्याने बोनेट उघडून बोल्ट बघितले, पाना लागलेला. दाराचं रबर ओढून आतलं वेल्डिंग बघितलं. डावीकडच्या दोन्ही दारांच्या काचांवर वेगळ्या वर्षाचा कोड, बाकीच्या काचा मूळच्या. डाव्या पिलरवर नखाने टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "लांबी भरलीय. चांगली भरलीय, पण भरलीय."

म्हणजे गाडी डाव्या अंगाने जोरात ठोकलेली आहे. इथून पुढचे प्रश्न पैशांचे नाहीत, म्हणून हे सगळं लिहितोय. ठोकली ती कुणाला? कुणी जखमी झालं? कुणी गेलं? पोलिसांत नोंद झाली का? कारण झाली असेल तर ही गाडी एखाद्या खटल्यातला मुद्देमाल असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं की जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडवू नका, बंधपत्र घेऊन सोडा. योग्यच सांगितलं. पण अशी गाडी सोडताना कोर्ट बहुधा अट घालतं, की ती विकायची नाही, रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. ही अट मालकाला माहीत, कोर्टाला माहीत, पोलिसांना माहीत. घेणाऱ्याला ॲपवर ती दिसेलच याची काही हमी नाही.

मी शोधायचा प्रयत्न केला. एफआयआर चोवीस तासांत वेबसाईटवर टाका असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, आणि आपले पोलीस टाकतातही. पण शोधायला पोलीस ठाणं आणि तारीख लागते. आमच्याकडे फक्त गाडीचा नंबर. अख्ख्या महाराष्ट्रातलं कुठलं ठाणं आणि कुठली तारीख घालू? विमा कंपनी म्हणते क्लेमची माहिती फक्त पॉलिसीधारकाला. सर्व्हिस सेंटर म्हणतं मालकाला घेऊन या. मालकाला फोन लावला तर तो म्हणतो, "दलालाशी बोला, मी गाडी त्याला देऊन टाकलीय."

हे 'देऊन टाकलीय' फार धोक्याचं आहे, विकणाऱ्यालाही. मोटार वाहन कायद्यात कलम ५० आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३० हेच. लोक सही करून कोरे फॉर्म दलालाच्या हातात देतात आणि विसरतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल सगळ्यांनी वाचावा असा आहे. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे असे हात बदलत गेली, आरटीओत नाव मात्र पहिल्याचंच. अपघातात जीव गेला. न्यायालय म्हणालं, नुकसानभरपाईसाठी मालक तोच ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. पीडिताने गाडीच्या मालकांची साखळी शोधत फिरायचं नाही. मला हा निकाल पटतो. पण विचार करा, गाडी विकून पैसेही मोडून झालेत आणि दोन वर्षांनी ट्रिब्युनलची नोटीस येते.

आणि आपल्याच दक्षिण मुंबईत फेब्रुवारी २०२१ मध्ये कारमायकल रोडवर स्फोटकं ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली, आठवतं? कागदावर मालक एक, ताबा दुसऱ्याकडे, नंबरप्लेट तिसऱ्याच गाडीची. त्या प्रकरणाचं बाकी सगळं कोर्टात आहे. पण नाव न बदललेली गाडी किती लांब जाऊ शकते, ते तेव्हा अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं.

दलालांसाठी केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून नियम आणलेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की मालकाने फॉर्म २९सी ने कळवायचं, मग विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. नियम चांगला आहे. आमच्या दलालाला विचारलं, अधिकारपत्र दाखव. तो हसला.

दुसरी एक गोष्ट 'टोटल लॉस' ची. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते आणि मोडकी गाडी बोली लावून विकली जाते. कलम ५५ सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायची. पण निकामी ठरवायचं कुणी? घेणारा म्हणतो, मी दुरुस्त करणार आहे. मग आरसी जिवंत राहते, आणि कधी त्या आरसीवर चोरीची गाडी बसवली जाते. २०२१ च्या सुरुवातीला पनवेलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी पकडलेलं प्रकरण वेगळं, पण जातकुळी तीच. पुरात भिजलेल्या, भंगारात द्यायच्या शेकडो बीएस-४ गाड्या चासी नंबर बदलून लोकांना विकलेल्या. घेणारी तुमच्याआमच्यासारखीच माणसं, हप्ते भरणारी. गाड्या जप्त झाल्या त्यांच्याकडून.

आता माझं म्हणणं. अपघाताची माहिती सरकारकडे नाही असं नाही. केंद्राच्या ई-डार प्रणालीत पोलीस अपघाताचा तपशील गाडीच्या नंबरासकट भरतात, ट्रिब्युनलला आणि विमा कंपन्यांना तो मिळतो. विमा कंपन्यांकडे प्रत्येक क्लेमची नोंद आहे. वाहन पोर्टल आहेच. अमेरिकेत टोटल लॉस किंवा पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शेराच पडतो. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की वार्षिक तपासणीचा इतिहास आणि दर वेळचं किलोमीटरचं रीडिंग, म्हणजे त्यांचे मैल, सरकारी साईटवर फुकट दिसतं. आपल्याकडे परिवहन विभागाने त्याच ॲपवर चार ओळी वाढवाव्यात. अपघाताची नोंद आहे का, असल्यास तारीख आणि पोलीस ठाणं. टोटल लॉस झाली होती का. कोर्टाची विक्रीबंदी आहे का. बस.

माझा एक मित्र विम्यात आहे, तो म्हणाला, "प्रायव्हसीचं काय?" अरे, मालकाच्या नावावर फुल्या मारल्यात ना, त्या राहू दे. चालवत कोण होतं, दारू प्यायला होता का, मला नको सांगूस. डाव्या पिलरला लांबी का भरलीय एवढंच हवंय. गाडीच्या पत्र्याला कसली आलीय प्रायव्हसी?

तो असंही म्हणाला की अशाने जुन्या गाड्यांचे भाव पडतील. ठोकलेल्यांचे पडतील. न ठोकलेल्यांचे चढतील. आज दोन्ही एकाच भावाने जातात, आणि फरक घेणाऱ्याच्या खिशातून जातो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नवी गाडी घेतो. ताईसारखीचे साडेतीन लाख म्हणजे किती पहाटा होतात, ते डॉकवर जाऊन बघा.

भाच्याने गाडी सोडली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण सोडली. टोकनचे दहा हजार अजून मिळालेले नाहीत. दलाल म्हणतो, गाडी विकली की देतो. काल त्याच्या दुकानावरून गेलो तर गाडी चकाचक पुसून उभी होती, आणि एक नवरा-बायको, कडेवर लहान मूल, आत बसून बघत होते. मी थांबलो आणि त्यांना एवढंच सांगितलं, जुनी पॉलिसी मागा. दलाल आता माझा फोन उचलत नाही.